एकशे सत्त्याऐंशी वेळा 'हाय'

माझ्या थोरल्या बहिणीनं मला फोनवर एकशे सत्त्याऐंशी वेळा 'हाय' असा मेसेज पाठवला. रोज एक, सकाळी पावणेसहा ते सहाच्या दरम्यान, एकही खाडा नाही. त्यातल्या पंधरांना मी उत्तर दिलं. एकशे अठ्ठ्याऐंशीवा आला नाही, कारण तो येऊ नये अशी तजवीज मीच केली होती. त्या एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावला, आणि चुकीच्या अर्थावर तिला समजही दिली. ती पुन्हा कधी लिहील का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आकडे अंदाजानं सांगत नाही. दोनदा मोजले आहेत. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात मी एकोणतीस वर्षं काम करतो. मापात बसलं ते पुढे पाठवायचं, नाही बसलं ते बाजूला काढायचं, एवढंच ते काम. माणूस घरी आला म्हणून त्याची ही सवय गेटवर जमा होत नाही. फोन मात्र गेटवर जमा करावा लागतो, सकाळी सातला, आणि दुपारी साडेतीनला परत मिळतो.

घरात मी एकटा असतो. बायको गेल्या ऑक्टोबरपासून सांगलीला लेकीकडे आहे. लेक एका संगणक कंपनीत आहे आणि काम घरून करते. घरून काम करणाऱ्या बाईला बाळ सांभाळता येतं, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी तिच्याकडे एक दिवस राहून यावं. तिच्या मीटिंग चालू असताना बायको बाळाला घेऊन जिन्यात बसते. जावई फिरतीवर. त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करायची तेही नाही. रोज संध्याकाळी साडेआठला बायकोचा फोन येतो. तो सरासरी चार मिनिटं चालतो. बाळ काय शिकलं हे तीन मिनिटं, आणि तुम्ही काय खाल्लं हे एक मिनिट.

चारला घरी आलो की चहा करतो आणि फोनवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतो. आवड म्हणून सुरू झालं, आता दुसरं काही सुचत नाही म्हणून चालू आहे. या बातम्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. यंदा जानेवारी ते मार्च मी एका जुन्या डायरीत टिपून ठेवलं की 'आता जग बदलणार' अशा अर्थाचा मथळा किती वेळा आला. एक्केचाळीस वेळा. एक्केचाळीस वेळा जग बदलल्यावर मी गच्चीवर जाऊन बघितलं. अजिंक्यतारा जागच्या जागी होता. शेजारच्या इमारतीच्या टाकीचा कॉक गळत होता, तोही तसाच.

नोकऱ्यांचं तेच. एक दिवस निम्म्या नोकऱ्या जाणार असतात, दुसऱ्या दिवशी पाव, तिसऱ्या दिवशी उलट नव्याच येणार असतात. मोजमाप करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, कशाच्या निम्म्या? छेदात काय आहे? ते कोणी लिहीत नाही. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, आमच्या कंपनीतले लोकही त्याच बातम्या वाचून घाबरतात." 'हा फोन वापरत असाल तर आत्ताच सावध व्हा' असा मथळा उघडावा, तर चौथ्या परिच्छेदात कळतं की तो फोन आपल्या देशात विकतच नाहीत. तोवर आपण सावध झालेले असतो, आणि त्यांचं काम झालेलं असतं.

ग्रुपांबद्दल तर बोलायलाच नको. मी अकरा ग्रुपांत आहे. त्यातल्या आठांत मला कोणी टाकलं ते माहीत नाही. कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर दोनशे चौदा माणसं आहेत. मागे तिथे एका निवृत्त सहकाऱ्याचा वाढदिवस होता, म्हणून कोणीतरी त्याचा हार घातलेला फोटो टाकला. हार सत्काराचा होता. पण हार बघून पहिल्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि त्याच्याखाली एकतीस जणांनी तेच लिहिलं. दोघांनी तर 'पोकळी कधीही भरून निघणार नाही' असंही. शेवटी त्या गृहस्थानं स्वतःच लिहिलं, 'मित्रांनो, पोकळी अजून पडलेली नाही. चहाला या.' चहाला कोणी गेलं का, हे मी विचारलं नाही. मीही गेलो नाही. श्रद्धांजली लिहिणाऱ्या बत्तीसांत मी नव्हतो, एवढंच माझं समाधान.

पण मला सगळ्यात जास्त चीड होती ती 'हाय'ची. आमच्या विभागात नवे इंजिनियर आले आहेत, हुशार आहेत, पण त्यांची एक पद्धत मला सोसत नाही. साडेतीनला फोन हातात आला की मेसेज येतो, 'हाय सर'. आणि पुढे काही नाही. आपण 'बोला' लिहायचं. मग पाच मिनिटांनी 'बिझी आहात का'. आपण 'नाही' लिहायचं. मग कळतं की त्याला एका नळीचा आतला व्यास हवा होता. एका आकड्यासाठी सहा मेसेज. मी विभागाच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की आधी काम लिहावं, नमस्कार नंतर केला तरी चालेल. त्यांना राग आला असेल. पण मेसेज कमी झाले. उपाय लागू पडला की माणूस तो सगळीकडे वापरायला जातो, तसं माझं झालं.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडूजच्या पुढे आठ किलोमीटरवर, गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर एकटी राहते. आमचे दाजी सैन्यात होते, त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. तिचा मुलगाही सैन्यात आहे, दूर ईशान्येकडे. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, उजव्याला बेताचंच. म्हणून आमचं फोनवर बोलणं कधी जमलं नाही. मी ओरडायचो, ती "काय? काय?" म्हणायची, आणि मग दोघंही दमून ठेवून द्यायचो. मुलानं सुटीत येऊन तिला नवा फोन दिला आणि मराठीत लिहायला शिकवलं. आक्का चौथी शिकलेली आहे, अक्षर वळणदार.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचा पहिला मेसेज आला. 'हाय'. मला हसू आलं. साठी ओलांडलेली बाई पोरांसारखं 'हाय' करते म्हणून. मी दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हाय'. असे बारा दिवस मी हात जोडले. मग सोडून दिलं. सणासुदीला तीनदा जोडले तेवढेच. एकोणिसाव्या दिवसापासून शब्दापुढे हलणारा पिवळा पंजाही यायला लागला. मला वाटलं, बाई आता तरबेज झाली.

मे महिन्यात एका सकाळी मी दाढी करत होतो, फोन वाजला, हात हलला आणि हनुवटीला कापलं. रक्त पुसत मी लिहिलं, 'आक्का, रोज नुसतं हाय पाठवत जाऊ नये. काही काम असेल तर लिहावं.' व्याकरण तपासलं आणि पाठवलं. सहा वाजून दोन मिनिटांनी तिनं वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. मला बरं वाटलं, हे लिहायला हवं, कारण ते खरं आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सहाला दहा कमी असताना मी फोनकडे बघतो. सवय आहे, जाईल, असं म्हटलं. गेली नाही. सकाळी वीस मिनिटं स्वयंपाकघरात मी, गॅसवरचं पाणी आणि न वाजणारा फोन. सहा वीसला कंपनीची गाडी कोपऱ्यावर येते, तिथपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललेलो नसतो.

तेवीस दिवस गेले. चोविसाव्या संध्याकाळी सांगलीहून बायकोचा नेहमीचा फोन आला. बाळाला दात येत होता, त्याचं सगळं सांगून झालं. मग ती म्हणाली, "अहो, आक्कांचा मला मेसेज आलाय. गंमतच आहे."

"काय म्हणते?"

"तीनच शब्द आहेत. 'त्यो हाय का'. तुम्ही आहात का म्हणून मला विचारतात. मी म्हटलं, आहेत, जाणार कुठे?" ती हसली. ती सांगलीच्या पेठेतली, तिला आमच्याकडची बोली अजूनही गमतीची वाटते. "तुमचं भांडण झालंय का काही?"

"नाही," मी म्हणालो. बाळ रडायला लागलं आणि फोन संपला.

त्यो हाय का. तो आहे का.

आमच्या खटाव-वडूजकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिक्षणासाठी साताऱ्याला आलो तोवर मी दुसरं काही बोललोच नव्हतो. वसतिगृहातली पोरं हसली, म्हणून सहा महिन्यांत मी 'आहे' म्हणायला लागलो, आणि पुढे इतकं पक्कं झालं की तो शब्द डोळ्यांसमोर लिहिलेला दिसला तर मला इंग्रजी आठवलं, आई नाही आठवली.

मी फोनवर मागे मागे गेलो, तुळशीच्या लग्नापर्यंत. आणि पहिल्यापासून पुन्हा वाचत आलो. आहे. आहे. आहे. एकशे सत्त्याऐंशी वेळा एका एकट्या बाईनं रोज सकाळी कळवलं होतं की मी आहे. आणि मी तिला लिहिलं होतं की काही काम असेल तर लिहावं.

रविवारी पहिल्या गाडीनं वडूजला गेलो आणि तिथून जीपनं वस्तीवर. बाजरीची पेर व्हायची होती, रानं नांगरून पडली होती. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी चपला काढतोय तोवर म्हणाली, "आलास व्हय. काय काम निघालं म्हणायचं?"

"काम काही नाही."

"मग बिनकामाचा कसा आलास? तुमच्यात चालतं व्हय तसं?"

मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. तिनं सूप माझ्यापुढे सरकवलं. दोघं शेंगा फोडत राहिलो. थोड्या वेळानं मी मोठ्यानं विचारलं, "आक्का, तू रोज हाय लिहायचीस, ते म्हणजे आहे, असंच ना?"

"मग काय असंल? हाय म्हंजी हाय."

"मला वाटलं इंग्रजीतलं. पोरं एकमेकांना हाय करतात ते."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "आरं, मी चौथी शिकल्याली. मी कशाला तुला विंग्रजीत हाय करू? आन तुला म्हाईत न्हाई व्हय हाय म्हंजी काय? आईच्या मांडीवर ह्योच बोल शिकलास की. साताऱ्यानं पार बाटवला रं तुला."

"आणि तो हलणारा हात?"

"त्यो मी न्हाई घातला. हाय लिवलं की फोनच म्हणायचा, ह्यो बी घे. म्हटलं नियम असंल तसा."

म्हणजे यंत्रानंही तीच चूक केली होती. त्यालाही ते इंग्रजी वाटलं होतं आणि त्यानं तिच्या तोंडी हात हलवला होता. एकोणिसाव्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून तिचं चुकीचं ऐकत होतो.

मग तिनं सांगितलं ते असं. पलीकडच्या वस्तीवर एक म्हातारी राहायची. रोज सकाळी म्हैस सोडून ओढ्याकडे जाताना ती आक्काच्या कुंपणापाशी थांबायची आणि हाक मारायची, "हायेस का गं?" आतून आक्कानं "हाय" म्हटल्याशिवाय ती पुढे जायची नाही. एकट्यादुकट्या बायकांची ती रीतच होती, कोणी ठरवलेली नव्हती. दाजी गेल्यापासून चौदा वर्षं चालली. दिवाळीनंतर म्हातारीला तिचा मुलगा पिंपरीला घेऊन गेला. म्हैस विकली. "सकाळ झाली की नुसतं बसून ऱ्हायचं," आक्का म्हणाली, "कुणी इचारायचंच न्हाई तर हाय म्हणायचं कुणाला? मग म्हटलं, फोनात म्हणावं."

"मुलाला पाठवायचंस."

"त्याचा फोन आठ-आठ दिस बंद असतोय. मग खुणा येत न्हाईत आन माजा जीव टांगणीला लागतोय. तुझं बरं हुतं. धा मिंटात निळं."

"पण मी उत्तर देत नव्हतो."

"देत हुतास की." ती माझ्याकडे बघत म्हणाली, जणू मीच काहीतरी विसरत होतो. "दोन खुणा निळ्या झाल्या की मला कळायचं. ह्यो उठला, ह्येनं बघितलं, म्हंजी ह्यो बी हाय. आनी काय पायजे?"

मी माझ्या हिशेबात एकशे बहात्तर अनुत्तरित धरले होते. तिच्याकडे एकही अनुत्तरित नव्हता.

"आन माझं एक असू दे," ती पुढे म्हणाली. "हितं दुधाची गाडी येती, मेंढरंवालं जात्यात, दिसात चार जण तरी हाक मारत्यात. तुजी बायकू सांगलीत. तू त्या खुराड्यात. सकाळचं तुला कोण हाक मारतंय?"

मी खरंच आठवून बघितलं. कारखान्याच्या गेटवरचा रखवालदार हात वर करतो. पण ते पावणेसातला, आणि तो सगळ्यांनाच करतो.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर तुला धाडत हुते. एका हाकंत दोघांचं व्हतं."

दुपारी तिनं हुलग्याचं माडगं केलं. मी दोन वाट्या प्यायलो. निघताना म्हटलं, "आक्का, पुन्हा लिहीत जा. माझं चुकलं."

"आता न्हाई."

"का?"

"एकदा कुणी नगो म्हटलं की मग बोट उचलत न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. "तू लिव. तू लिव, मी बगती."

"मी काय लिहू? आहे, असं लिहू?"

"आहे?" ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. "तलाठ्याचा दाखला हाय व्हय त्यो? जरा माणसात लिव."

परत येताना गाडीत मी फोनवर एक लेख उघडला. त्यात म्हटलं होतं की वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करून टाकाव्यात, त्या माणसाला उत्तराच्या जाचात अडकवतात, त्याचं स्वातंत्र्य जातं. हाच सल्ला मी हिवाळ्यातही वाचला होता आणि पटलाही होता. त्या खुणा मी बंदच करणार होतो. सेटिंग सापडलं नाही आणि राहून गेलं. त्या बंद झाल्या असत्या तर आक्काचा भाऊ डिसेंबरातच नाहीसा झाला असता, आणि मी स्वयंपाकघरात चहा पीत माझं स्वातंत्र्य उपभोगत बसलो असतो. सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना दिवसाला दोनशे माणसं छळतात त्यांच्यासाठी तो बरोबर असेल. पण सल्ला देणारा त्याच्यासारख्यालाच सल्ला देतो. कुंपणाच्या आत बसलेली बाई त्याच्या छेदात नसते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक तपासणी केली. नव्या बोलक्या यंत्राला देशातल्या सगळ्या भाषा येतात, अशी बातमी मी त्याच आठवड्यात वाचली होती. मी त्याला लिहिलं, 'आक्का वस्तीवर हाय', आणि याचा अर्थ विचारला. त्यानं सांगितलं की कोणीतरी वस्तीवरून आक्काला अभिवादन करत आहे. मी म्हटलं, चूक. त्यानं लगेच माफी मागितली आणि दुसरा चुकीचा अर्थ दिला. तिसऱ्या वेळी मी स्वतः सांगितल्यावर त्यानं माझं अभिनंदन केलं. मी हे डायरीत लिहिलं, आणि त्याच्याखाली त्या यंत्राबद्दल चार कडक वाक्यं लिहायला घेतली. पण दोनच्या पुढे गेलो नाही. त्याला ही भाषा बोलणारी आई नव्हती. मला होती.

तेव्हापासून रोज सहाला दहा कमी असताना मी लिहितो, 'हाय'. कळफलक तो पिवळा पंजा पुढे करतो, मी तो घेत नाही. आक्का उत्तर देत नाही. खुणा निळ्या होतात, बहुतेक मी गेटवर पोचण्याआधी, कधी नंतर. नंतर झाल्या तर मला दुपारी साडेतीनपर्यंत कळत नाही, कारण फोन गेटवर. आठ तास मी मापं घेतो आणि मनात एकच गोष्ट असते. आक्का इतके दिवस त्या खुणांची वाट कशी बघत होती हे मला आता कोणी सांगावं लागत नाही.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी साडेतीनला फोन हातात घेतला तर एकच खूण होती, राखाडी. म्हणजे मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचलाच नव्हता. सकाळपासून. मी फोन लावला, तो लागत नव्हता. पुन्हा लावला. मेंढरंवाल्यांचा नंबर माझ्याकडे नाही, दूधवाल्याचा नाही. अकरा ग्रुप, हजाराच्या वर माणसं, आणि त्या कुंपणापाशी जाऊन हाक मारील असा एकही नंबर माझ्या फोनात नव्हता.

कंपनीच्या गाडीनं घराकडे न जाता मी स्टँडवर उतरलो आणि वडूजच्या एसटीत बसलो. डब्याची पिशवी मांडीवर, अंगात कारखान्याचा शर्ट. फोन हातात धरून होतो. कोरेगावच्या अलीकडे दुसरी खूण उमटली. गाडी कोरेगाव स्टँडात शिरत असताना दोन्ही निळ्या झाल्या.

मी उठलो. कंडक्टर म्हणाला, "आवं काका, तिकीट वडूजचं हाय तुमचं. हितं कुठं उतरताय?"

"जिच्याकडे निघालो होतो तिचा निरोप आला."

"येऊ नगा म्हणत्यात व्हय?"

"नाही. काहीच म्हणत नाही."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि घंटीची दोरी ओढली.

जावं तर जाता आलं असतं. पण पोचेपर्यंत संध्याकाळ, परतीची गाडी नाही, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. आणि मला अचानक दारात बघून ती घाबरली असती. ही सगळी कारणं खरी आहेत. कोरेगावच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत मी पाऊण तास उभा होतो, तेव्हा ती एकेक करून तपासली, आणि तरीही मला वाटत राहिलं की जायला हवं होतं. तिकडे दिवसभर वीज नव्हती, फोन उतरला होता, एवढंच झालं होतं. ते मला पंधरा दिवसांनी आक्काच्या सुनेकडून कळलं.

साडेआठला बायकोचा फोन आला. "आवाज दमल्यासारखा येतोय," ती म्हणाली, "कुठे गेला होतात का?"

"कोरेगावपर्यंत."

"कोरेगावला? कशाला?"

मी सांगायला सुरुवात केली, तुळशीच्या लग्नापासून. कारण तिथून सांगितल्याशिवाय कोरेगाव कळणार नव्हतं. म्हातारीच्या म्हशीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात पलीकडे बाळ उठलं. "थांबा, उद्या सांगा हं," ती म्हणाली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप होता. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला दहा कमी असताना मी लिहिलं. दोन मिनिटांत निळं झालं. इतक्या लवकर कधी झालं नव्हतं, म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली असणार. आदल्या दिवशी आपला फोन बंद पडला, भावाला ते कळलं असेल, त्याला काय वाटलं असेल, असं तिच्या मनात आलं असेल तर ते तिनं लिहिलं नाही. मी कोरेगावपर्यंत आलो होतो हे तिला अजून माहीत नाही.